रुंद चवड्याला बसणारा बूट

गेल्या डिसेंबरात पुण्याहून सुरूरपर्यंत जाऊन परत येताना शिरवळ ते कापूरहोळ या टप्प्यात मला तीन वेळा सायकल थांबवून उजवा बूट काढावा लागला. साठ-सत्तर किलोमीटरनंतर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते, हे मी दोन वर्षे गृहीतच धरले होते. लांबच्या सायकलिंगमध्ये थोडे असे व्हायचेच, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी मात्र बधिरपणाच्या जागी चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग होऊ लागली, आणि महामार्गाच्या कडेला बसून पाय चोळताना मी ठरवले की पुढची मोठी राइड करण्याआधी बुटांचा हा प्रश्न मुळापासून समजून घ्यायचा.

माझे ते बूट स्वस्त नव्हते. कार्बनचा तळ, नाडीऐवजी फिरवून आवळायच्या दोन डायल, वजनाला हलके, दिसायलाही देखणे. धावण्याचे बूट ४० क्रमांकाचे लागतात म्हणून हेही ४० क्रमांकाचेच घेतले होते. दुकानात पाच मिनिटे इकडून तिकडे चालून पाहिले, कडेला थोडे आवळत होते, तर विक्रेत्याने "वापरून वापरून सैल होतील" असे सांगितले आणि मी ते मान्य केले. चामड्याच्या चपलेच्या बाबतीत हे खरेच आहे. कोल्हापुरी चप्पल महिनाभरात पायाचा आकार घेते. रोड सायकलिंगच्या बुटाचा वरचा भाग मात्र बहुधा कृत्रिम मायक्रोफायबरचा असतो, तो फारसा ताणला जात नाही, आणि खालचा कार्बनचा तळ तर एक मिलिमीटरही रुंद होत नाही. जो बूट पहिल्या दिवशी कडेला आवळतो, तो दोन वर्षांनीही तिथेच आवळतो, हे मला दोन वर्षे घालवून कळले.

कारण नेमके दाखवून दिले ते कोथरूडमध्ये आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या, चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांनी. खरे तर मी टाचेची उसवलेली शिवण दाखवायला गेले होते. त्यांनी बुटातला सुखतळा बाहेर काढला, उजेडात धरला आणि बोट ठेवून मला त्याची बाहेरची कड दाखवली. अंगठ्याचा आणि चवड्याचा काळपट ठसा सुखतळ्याच्या आत नीट उमटलेला होता, पण करंगळीचा ठसा अर्धाच होता. उरलेली अर्धी करंगळी सुखतळ्याबाहेर, बुटाच्या भिंतीवर चढत होती. "ताई, लांबीला बूट बरोबर आहे, रुंदीला उपाशी आहे. ह्याचा फर्माच अरुंद. मी आतून कितीही ठोकलं तरी तुमचा पाय काही त्यात मावायचा नाही," असे त्यांनी सांगितले आणि शिवण घालून दिली. फर्मा म्हणजे ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बूट बेतला जातो तो. बुटाची किंमत, रंग, डायल, कार्बन या सर्वांच्या आधी फर्म्याचा विचार करायला हवा, ही गोष्ट मला त्या दिवशी समजली.

चवड्यातल्या लांब हाडांच्या मधून बोटांकडे नसा जातात. बूट दोन्ही बाजूंनी दाबत असेल तर ती हाडे एकमेकांजवळ ढकलली जातात, नसांना जागा उरत नाही आणि बोटे बधिर होतात. त्यात तळ कडक असेल तर पेडलचा दाब चवड्याच्या लहानशा भागावर एकवटतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्बन तळाच्या बुटांमध्ये पायाखालचा सर्वाधिक दाब प्लास्टिक तळाच्या बुटांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त आढळला होता. हे वाचून मी थोडी थबकले, कारण जास्त पैसे मोजले की जास्त कडक तळ मिळतो आणि कडक म्हणजे चांगला, हे समीकरण माझ्याही मनात पक्के बसलेले होते. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांचा २०१६ सालचा अभ्यास तर असे दाखवतो की स्थिर, मध्यम जोराने पेडल मारताना साधे धावण्याचे बूट आणि कार्बन तळाचे सायकलिंगचे बूट यांत खर्च होणाऱ्या ऊर्जेत फरक पडत नाही. स्प्रिंट मारताना किंवा सिंहगडाच्या शेवटच्या तीव्र चढावर उभे राहून पेडल मारताना कडक तळ हवासा वाटतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकते. परंतु माझ्या सायकलिंगचे नव्वद टक्के तास बसून, एका लयीत जातात, आणि त्या तासांसाठी तळाच्या कडकपणाचा शेवटचा अंश विकत घेण्याचे मला कारण उरले नाही.

मग मी पाय मोजले. हे काम सकाळी करू नये. दिवसभरात आणि उन्हात पाय सुजतात, म्हणून मी खडकवासल्याहून परत आल्यावर, संध्याकाळी, सायकलिंगचे मोजे घालूनच मोजले. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहायचे, पूर्ण वजन त्या पायावर द्यायचे आणि दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल सरळ उभी धरून कड आखून घ्यायची. पेन्सिल आत कलली तर पाऊल अरुंद येते, म्हणून माझ्या मुलीला मी ते दोनदा करायला लावले. उजवे पाऊल २४९ मिलिमीटर, डावे २४४. चवड्याची सर्वांत रुंद जागा उजवीकडे १०१ मिलिमीटर. युरोपीय मापात एका क्रमांकाचा फरक म्हणजे ६.६७ मिलिमीटर, त्यामुळे माझ्या दोन पायांतच जवळजवळ एका क्रमांकाचे अंतर होते. सायकलिंगचे बूट बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या मापतक्त्यात ३९ म्हणजे २४.५ सेंटिमीटर आणि ४० म्हणजे २५.२ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या पायाला धरून ४० हाच क्रमांक योग्य होता. माझी चूक लांबीत नव्हतीच. अनेक जण बूट आवळतो म्हणून एक क्रमांक मोठा घेतात; त्याने रुंदी थोडीशीच वाढते, पण टाच सुटते, बुटाची कमान पायाच्या कमानीखाली येत नाही आणि क्लीटची, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या तळाखालच्या तुकड्याची, छिद्रेही पायाच्या मानाने पुढे सरकतात.

त्या आखणीवरून मी जाड कागदाचे एक पाऊल कापले आणि पुढचा महिनाभर ते पिशवीत घेऊन पुण्यातल्या सायकलच्या दुकानांत हिंडले. बाणेर झाले, कर्वे रस्ता झाला, कॅम्प झाला. वरच्या श्रेणीतले बूट इथे मोजकेच असतात, आणि रुंद फर्म्याचे तर दुकानात नव्हतेच. मागवून देऊ, पण परत घेता येणार नाही, असे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळाले. तरी त्या फिरण्याचा उपयोग झाला. सुखतळा काढून त्यावर कागदाचे पाऊल ठेवले की पाय घालण्याआधीच निम्मा निर्णय होतो. महिलांसाठी म्हणून निराळ्या रंगात ठेवलेल्या काही जोड्यांचा फर्मा पुरुषांच्या बुटांचाच होता, हे कागद ठेवल्यावर लगेच दिसले; रंगाखेरीज त्यात महिलांच्या पायाचा वेगळा विचार नव्हता. एका दुकानदाराने मोठ्या मनाने त्यांच्या ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, माझी सायकल लावू दिली, तिथे मी वीस मिनिटे पेडल मारली आणि मला कळले की दुकानात चालून पाहण्याला सायकलिंगच्या बुटांच्या बाबतीत जवळजवळ अर्थ नाही. वर खेचताना टाच उचलली जाते का, डायल सैल असताना करंगळीला भिंत लागते का, आणि टाच धरून ठेवण्यासाठी डायल इतकी आवळावी लागते का की पायाचा वरचा भाग दुखतो, या तीन गोष्टी पेडलवरच समजतात.

रुंद पायांसाठी पर्याय आहेत, ते माहीत असायला हवेत. शिमानो काही मॉडेल रुंद आवृत्तीत काढते, सिदीची रुंद आवृत्ती मेगा या नावाने ओळखली जाते, लेक ही कंपनी रुंद फर्म्यांसाठीच प्रसिद्ध आहे, आणि बाँटचे बूट घरच्या ओव्हनमध्ये ७० अंश सेल्सियसला सुमारे वीस मिनिटे ठेवून पायाच्या आकारात बसवता येतात. बाँटचा मला फार मोह झाला होता. पण परदेशातून मागवायचे म्हणजे किमतीवर पाठवणावळ, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, आणि माप चुकले तर परत पाठवण्याचा खर्च पुन्हा आपलाच. पायात घालून न पाहिलेल्या बुटासाठी ही जोखीम घेणे मला पटले नाही.

शेवटी निवड शिमानोच्या दोन मालिकांमध्ये आली. सर्वांत वरची आरसी ९ आणि तिच्या खालची आरसी ७, दोन्हींच्या रुंद आवृत्त्या आहेत. आरसी ९ चा कडकपणा कंपनीच्या स्वतःच्या मोजणीत १२ आहे, आरसी ७ चा १०. मला सांगितलेल्या किमतींत पंधरा हजारांच्या आसपास फरक होता. त्या पंधरा हजारांत तळ थोडा अधिक कडक, वजन थोडे कमी आणि टाचेची पकड थोडी घट्ट, एवढे मिळत होते. चवड्याची रुंदी, जी माझी खरी गरज होती, ती खालच्या मालिकेतही मिळत होती. बोआ कंपनीच्या डायल दोन्हींत होत्या. त्या डायल आणि तारेवर बूट टिकेल तोवर हमी असते, हे मी महत्त्वाचे मानते, कारण मधल्या काळात एखादी डायल बिघडली म्हणून अख्खा जोड टाकून द्यावा लागू नये. मी आरसी ७ घ्यायचे ठरवले आणि वाचलेल्या पैशांतून कमानीला आधार देणारा सुखतळा आणि एका तज्ज्ञाकडून सायकलचे फिटिंग, हे दोन्ही करून घेतले.

ऑनलाइन मागवताना मात्र मनस्ताप झाला. मागणीत रुंद आवृत्ती स्पष्ट निवडली होती, तरी आलेल्या खोक्यावर रुंदीचा उल्लेखच नव्हता. विक्रेत्याने फोनवर "तोच बूट आहे, खोके जुने आहे" असे ठामपणे सांगितले. मी सुखतळा काढला, कागदाचे पाऊल त्यावर ठेवले, तर करंगळीच्या बाजूने कागदाची पट्टी पुन्हा बाहेर आली. तो फोटो पाठवल्यावरच अदलाबदल मान्य झाली, आणि नवा जोड यायला आणखी बारा दिवस गेले. तोवर मी तो बूट मोज्यांवर घरातच घातला होता, खाली क्लीट लावल्या नव्हत्या. तळावर ओरखडा उठला असता तर तो परत घेतला गेला नसता.

योग्य जोड आल्यावर क्लीट बसवण्याला मी अख्खी संध्याकाळ दिली. बूट घालून अंगठ्यामागचे आणि करंगळीमागचे हाड बोटांनी चाचपडले, बाहेरून दोन्ही ठिकाणी चिकटपट्टीवर खूण केली आणि क्लीटचा मध्य त्या दोन खुणांच्या मध्यापेक्षा किंचित मागे घेतला, म्हणजे चवड्यावरचा दाब कमी होतो. क्लीट पिवळ्या ठेवल्या. शिमानोच्या पिवळ्या क्लीटमध्ये पायाला ६ अंशांची हालचाल मिळते, निळ्यात २ अंशांची आणि लाल क्लीटमध्ये अजिबात नाही. माझ्या गुडघ्याला ती मोकळीक मानवते. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावून ते ५ ते ६ न्यूटन मीटरपर्यंत टॉर्क रेंचने आवळले. डावे पाऊल लहान असल्याने त्या बुटात टाच किंचित हलत होती, म्हणून तिथे सुखतळ्याखाली एक पातळ थर घातला.

पहिली राइड मुद्दाम छोटी केली, बोपदेव घाटमाथ्यापर्यंत आणि परत. दुसऱ्या रविवारी सिंहगड. डोणज्यापासून वर चढताना मी सतत करंगळीकडे लक्ष देत होते, आणि गडाच्या पार्किंगमध्ये सायकल टेकवेपर्यंत ती जागी होती. पिठलं-भाकरी खाताना बूट काढण्याचीही गरज वाटली नाही. त्यानंतर फेब्रुवारीत पुन्हा सुरूरचा रस्ता धरला. शंभर किलोमीटरच्या पुढे उजवा पाय पूर्ण शाबूत होता. डाव्या चवड्याखाली मात्र शेवटच्या तासात थोडी ऊब जाणवली, आणि कापूरहोळच्या पुढे खूण तपासली तेव्हा लक्षात आले की डावीकडची क्लीट उजवीपेक्षा सुमारे दोन मिलिमीटर पुढे बसली आहे. या शनिवारी ती मागे घ्यायची आहे, आणि रविवारी पुन्हा बोपदेव.