गीझरचा रोध काढताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घरात गेल्या जानेवारीत गीझरचे पाणी वेळेवर तापेनासे झाले. २५ लिटरची टाकी पूर्वी चाळीसेक मिनिटांत तापत असे, आता पाऊण तास उलटला तरी आईची न्हाणीघरातून हाक येई, "अरे, हे नुसतं कोमट आहे." बोलावलेल्या मिस्त्रींनी झाकणही न उघडता पाणी तापवणारी रॉड कमजोर झाल्याचे निदान केले आणि नव्या रॉडचा खर्च सांगितला. रॉड तुटते हे ठाऊक होते, पण ती म्हातारपणी थकते म्हणजे नेमके काय होते, ते मला समजेना. म्हणून खर्च करण्यापूर्वी तिचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा तिचा अडथळा, आपणच हिशेबाने काढून पाहावा, असे ठरवले. (मी हिंदी माध्यमात 'प्रतिरोध' शिकलो, पुण्याच्या भाच्याच्या पुस्तकात त्याला 'रोध' म्हणतात.)

गीझरवरील पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापलेले होते. शक्तीला (वॅटला) व्होल्टने भागले की धारा, म्हणजे विजेचा प्रवाह, मिळते, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर, आणि व्होल्टला धारेने भागले की रोध मिळतो, तो येथे २६.४५ ओहम. गीझरमध्ये केवळ तापणारी तार असल्याने व्होल्ट गुणिले अँपिअर हेच सरळ वॅट होतात. पंप किंवा पंख्याच्या मोटरला हा हिशेब असा जसाच्या तसा लागू पडत नाही.

शेजारचे काका आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्याकडून मी क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती जबडा मिटवून धारा मोजणारा मीटर, मागून आणला, गीझरच्या जाड केबलभोवती त्याचा जबडा मिटवला, आणि मीटरने चक्क शून्य दाखवले. पाणी तापते आहे आणि धारा नाही, हे कसे शक्य आहे? काका हसले. एका तारेतून जाणारी आणि दुसऱ्या तारेतून परतणारी धारा एकाच वेळी जबड्यात आली, तर दोघींची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात. एकच तार वेगळी करून धरावी लागते. तशी धरल्यावर ७.४ अँपिअर दिसले.

व्होल्टेज मी त्याआधीच, गीझर बंद असताना, बोर्डावर मोजून ठेवले होते आणि ते २१८ होते. २१८ भागिले ७.४ म्हणजे सुमारे २९.५ ओहम! रोध तीन ओहमने वाढलेला, म्हणजे मिस्त्रींचेच खरे, असे मानून मी वही मिटत होतो, तेवढ्यात काकांनी विचारले, "हे दोन्ही आकडे एकाच वेळचे आहेत का?"

नव्हते, आणि सगळी चूक तेथेच होती. काकांनी स्वतः गीझरच्या टर्मिनलवर मीटर लावून मला बटण दाबायला सांगितले. २१८ चा आकडा माझ्या डोळ्यांदेखत १९६ वर घसरला आणि तेथेच थांबला. आता १९६ भागिले ७.४ म्हणजे सुमारे २६.५ ओहम, म्हणजे पट्टीवरच्या हिशेबाइतकाच रोध. रॉड निर्दोष होती. तिला मिळणारी शक्ती मात्र १९६ गुणिले ७.४, म्हणजे जेमतेम १४५० वॅट होती. व्होल्टेज सुमारे १५ टक्के कमी असले, तरी रोध तोच असल्याने धाराही त्याच प्रमाणात घटते, आणि म्हणून शक्तीतील घट २७ टक्क्यांपर्यंत जाते.

मग मधले २२ व्होल्ट कोठे जात होते? त्याच ७.४ अँपिअरने भागले की वाटेतील रोध सुमारे ३ ओहम येतो, आणि गुणले की तेथे खर्च होणारी शक्ती सुमारे १६३ वॅट. हा आकडा वहीत लिहिताना मी खरोखर घाबरलो, कारण एवढी उष्णता आमच्या भिंतीत कोठेतरी रोज सकाळी निर्माण होत होती आणि तिचे बिलही आम्हीच भरत होतो. मेन स्विच बंद करून काकांनी आणि मी जिन्यावरची जोडपेटी उघडली. जुन्या बारीक ॲल्युमिनियमच्या तारांना दिलेला पीळ सैल होऊन काळा पडला होता आणि त्यावरची टेप वितळून डांबरासारखी चिकटली होती.

परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून न्हाणीघरापर्यंत मध्ये जोड नसलेली ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकून घेतली. त्यानंतर गीझर चालू असताना २१५ व्होल्ट आणि ८.१ अँपिअर मिळाले. रोध पुन्हा २६.५ ओहम, शक्ती सुमारे १७४० वॅट. पट्टीवरच्या २००० पेक्षा ती अजून कमी आहे, पण ती उणीव बाहेरूनच कमी येणाऱ्या व्होल्टेजची आहे.

एक पडताळा तरीही करून पाहिला. २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास सुमारे ४१८६ किलोज्यूल लागतात. १७४० वॅटने भागल्यास ४० मिनिटे येतात. घड्याळाने ४३ दाखवली. टाकीतून बाहेर झिरपणारी उष्णता मी हिशेबात धरलीच नव्हती.