वडाखालची वाट

पावसाळ्यात आमच्या गोव्यातल्या पेडण्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून पुण्याहून आलेल्या भाच्यानं लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवला होता. "मामा, फोक हॉरर बघू, गावच्या जुन्या श्रद्धांतली भीती. घाबरशील हं!"

रॉबिन हार्डीचा १९७३ चा 'द विकर मॅन'. स्कॉटलंडच्या एका बेटावर पोलीस हरवलेल्या मुलीला शोधायला येतो. अशी मुलगी इथं नव्हतीच, असं अख्खं गाव त्याला हसतमुखानं सांगतं. सफरचंदांचं पीक बुडालेलं असतं आणि देवाला काहीतरी द्यायचं असतं. (चित्रण झालं थंडीच्या तोंडावर. वसंत दाखवायला झाडांना खोटा मोहर चिकटवला, श्वासाची वाफ दिसू नये म्हणून नटांनी तोंडात बर्फ धरला. मला तर त्यांच्या दातांचीच काळजी वाटत राहिली.)

भाचा उशी कवटाळून बसला. मला मात्र भीती वाटेना. गाव गप्प बसतं? आमचंही बसतं. वेशीवरच्या वडाखाली राखणदार आहे, गावाची राखण करणारा, न दिसणारा. त्याला रोट द्यायचा, विडी द्यायची, वर सोऱ्याचे, म्हणजे दारूचे, चार थेंब. रात्री तो हद्दीवरून काठी आपटत फिरतो, चपला झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, तो दिसतो कसा? "असां विचारूचां नाय." विषय संपला. देवापुढं गाऱ्हाणं घालताना गावकार, म्हणजे गावचा मानकरी, काय मागतो हे मागच्या रांगेतल्या अर्ध्यांना ऐकूही येत नाही, तरी "व्हय म्हाराजा" सगळे एका सुरात म्हणतो. हे सांगितलं तेव्हा भाचा सिनेमा थांबवून माझ्याकडेच बघायला लागला.

मग मी त्याला आमच्या गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातल्या झर्मे गावचा चोरोत्सव सांगितला. शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, दिवसांतला. कधीकाळी गावानं निरपराध माणसांना चोर समजून मारलं, अशी तिथली कथा. म्हणून 'चोर' झालेल्यांना मातीत पुरतात. कुणाचं फक्त डोकं वर, कुणाचं डोकंच मातीखाली आणि धड बाहेर. भोवती बायकापोरं, म्हातारेकोतारे उभे. माझ्या अंगावर काटा येतो तो इथं. सिनेमातलं गाव पोटातलं ओठावर येऊ देत नाही, आणि हे गाव आपल्या पूर्वजांची चूक दरवर्षी चारचौघांत मांडून बसतं, तीही आपल्याच माणसांना मातीत घालून. त्या पोलिसाला झर्म्यात काही शोधावंच लागलं नसतं. त्याला बसायला पाट दिला असता आणि सगळं दाखवलं असतं.

एवढ्यात लाईट गेलीच. लॅपटॉपच्या उजेडात भाचा बराच वेळ गप्प होता.

"मामा, उद्या बसस्टँडला त्या वडाखालून न जाता जाता येतं का?"

"येतं की. पण मग तो विचारतो, का टाळलंस म्हणून."