तुम्ही विचारलंत म्हणून : ‘नको, मी आहे’

माझी रोजची प्रार्थना चुकत नाही, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. बोलता बोलता मी बरेचदा ‘कदाचित माझंच चुकत असेल’ असं म्हणते, हेही. त्यामुळे लोक मला पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारतात, कधी आपुलकीने, कधी जरा टोचून. ‘तुमची देवावर एवढी श्रद्धा आहे, मग स्वतःच्याच मतांबद्दल एवढी शंका कशी? श्रद्धा असलेल्या माणसाने ठाम नको का असायला?’

उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी २५ वर्षं मुद्रितशोधन केलं. प्रूफं तपासणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते : डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. ‘दीन’ छापलेलं असतं आणि आपण ‘दिन’ वाचून पुढे जातो, कारण वाक्य दिवसाबद्दलचं असतं आणि मनाने तो शब्द आधीच लावून घेतलेला असतो. म्हणून या कामात काही युक्त्या असतात. ओळीखाली पट्टी धरायची. शेवटच्या ओळीपासून उलटं वर वर यायचं, म्हणजे अर्थाचा ओघ तुटतो आणि सुटी अक्षरं दिसू लागतात. किंवा दुसऱ्या कुणीतरी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि आपण प्रुफावर नजर ठेवायची. स्वतः लिहिलेला मजकूर तर स्वतः तपासूच नये. आणि सगळ्यात उशिरा सापडते ती शीर्षकातली चूक. सगळ्यात मोठ्या टायपात असते, पण तिथे चूक असेल असं कुणाच्या मनातच येत नाही.

या सगळ्या युक्त्या मी कागदापुरत्याच ठेवल्या होत्या.

माझी आई शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं मीच पाहत होते. धाकटी बहीण अधूनमधून यायची, तासभर बसायची आणि जायची. तिला आईचं काही पडलेलं नाही, अशी खूणगाठ मी मनाशी बांधली होती आणि आई गेल्यावरही ती सुटली नाही. प्रार्थनेला बसले की देवापुढे मी हेच मांडायची. तुला दिसतंय ना? सगळं मी एकटीने केलं. ती कधीच पुढे आली नाही. देवाला हे दिसतंय, पटतंय, तो माझ्या बाजूचा आहे, असं मला अगदी आतून वाटायचं. त्या वाटण्याने बळ यायचं. मी त्यालाच श्रद्धा म्हणत होते.

आईच्या उशाशी एक लांबट वही असायची. औषधांच्या वेळा, ताप, झोप लागली का, कूस कधी बदलली, हे सगळं जो कुणी जवळ असेल त्याने त्यात लिहायचं. शेवटच्या वर्षाची वही आई गेल्यानंतर चार वर्षांनी कपाट आवरताना माझ्या हाती लागली. सवयीने मी ती मागून पुढे चाळायला लागले. तिसऱ्या-चौथ्या पानावर बहिणीचं अक्षर दिसलं, तिरकं, घाईचं : ‘रविवारी रात्री मी थांबू का?’ त्याखाली माझं : ‘नको, मी आहे.’ आणखी काही पानं मागे : ‘अंग कसं पुसायचं ते मला दाखवशील?’ त्यापुढे फक्त माझी बरोबरची खूण, ‘वाचलं’ एवढंच सांगणारी. उत्तर काहीच नाही. अख्ख्या वहीत तिने सात वेळा विचारलं होतं. एके ठिकाणी ‘नको’ या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या, इतक्या जोराने की पान उलटल्यावर मागच्या बाजूला बोटाला त्यांचे वळ लागत होते.

मी देवाशी खोटं बोलत नव्हते, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. ‘ती कधीच पुढे आली नाही’ हे मला खरोखर तसंच आठवत होतं. वही सापडली नसती तर आजही तसंच आठवलं असतं.

‘गृहीत धरणं’ हा आपला शब्दप्रयोग नीट पाहा. गृहीत म्हणजेच घेतलेलं, धरलेलं. त्याच्यापुढे आपण आणखी एकदा ‘धरणं’ लावतो. ही दुहेरी पकड सुटायला कठीण असते, कारण मिळेल तो पुरावा आपण त्याच पकडीत बसवत जातो. पीटर वॉसन या मानसशास्त्रज्ञाचा १९६० सालचा एक साधा प्रयोग आहे. लोकांना २, ४, ६ असे तीन आकडे दिले. यामागे एक नियम आहे, तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही एवढं आम्ही सांगू, खात्री झाली की नियम सांगा. बहुतेकांच्या मनात लगेच ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असं काहीतरी आलं आणि ते ८, १०, १२ सारखेच आकडे विचारत राहिले. दर वेळी ‘बसतात’ असंच उत्तर आलं. खरा नियम मात्र एवढाच होता : चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे. ५, १७, ९० सुद्धा चाललं असतं. पण आपला तर्क मोडून दाखवील असा प्रश्न विचारायचं फार थोड्यांना सुचलं.

माझी प्रार्थना अशी होती. रोज ८, १०, १२.

श्रद्धेचा यातला भाग नाजूक आहे आणि तो टाळून मला पुढे जायचं नाही. श्रद्धेने मला तपासायला लावलं नव्हतं. उलट माझ्या समजावर तिने शिक्का मारला होता. हे माझ्यासारख्या साध्या बाईचंच होतं असं नाही. इंग्लंडचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याने ऑगस्ट १६५० मध्ये स्कॉटलंडच्या चर्चला एक पत्र लिहिलं होतं. त्यात त्याने ख्रिस्ताची शपथ घालून विनवलं होतं की, आपण चुकत असू शकतो ही शक्यता तरी मनात आणा. ते वाक्य मला फार मोठं वाटतं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १६४९ मध्ये, याच माणसाच्या सैन्याने आयर्लंडमधल्या द्रोहेडा गावात भयंकर कत्तल केली होती आणि त्याने ती ईश्वराचा न्याय म्हणून कळवली होती. तिथे स्वतःच्या चुकीची शक्यता त्याच्या मनाला शिवली नाही. दोन्ही पत्रांत देव आहे. हे वाक्य दुसऱ्याला सांगणं सोपं असतं, हे मला त्याच्याकडून कळलं. मीही ते बहिणीला कितीदा सांगितलं होतं.

वही सापडली त्या रात्री मी प्रार्थनेला बसले, तर बोलायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. इतक्या वर्षांत माझ्या देवाने मला एकदाही अडवलं नव्हतं. एकदाही ‘थांब, पुन्हा सांग’ म्हटलं नव्हतं. मग मी इतकी वर्षं बोलत कुणाशी होते?

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-मुहासिबी नावाचे एक सूफी होऊन गेले. रोज स्वतःच्या मनाची झडती घेणारे म्हणून त्यांना हे नाव पडलं. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘हिशेब’ त्याच अरबी धातूतून आलेला आहे. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. हिशेब माझाही चालू होता. पण मी फक्त येणं लिहीत होते. देण्याची बाजू कोरीच होती.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती बौद्ध भिक्षूंची पवारणा. पावसाळ्याचे तीन महिने एकत्र राहिल्यावर, वर्षावासाच्या शेवटी, प्रत्येक भिक्षू संघापुढे बसतो आणि तीनदा विनंती करतो : माझ्या वागण्यात तुम्हाला काही दिसलं असेल, काही ऐकलं असेल, किंवा काही शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा. मला ते कळलं की मी सुधारीन. ज्येष्ठ भिक्षूंनाही यातून सूट नाही. दिसलं, ऐकलं, शंका आली, असे तीन वेगळे शब्द तिथे आहेत. मी ते उलटे वापरायला लागले. दुसऱ्याबद्दल माझं जे मत असेल ते वाक्य लिहून काढायचं आणि समासात एक अक्षर टाकायचं. दि म्हणजे मला दिसलं. ऐ म्हणजे ऐकलं. शं म्हणजे नुसती शंका. ‘तिला आईचं काही पडलेलं नाही.’ समासात काय येणार? शं. मी ते दि समजून चालले होते. आणि वाक्यात ‘कधीच’, ‘नेहमी’, ‘सगळे’ यांपैकी काही आलं की त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ. असे शब्द बहुधा आठवणीतून येत नाहीत, रागातून येतात.

तर आता तुमचा प्रश्न. या सगळ्याने श्रद्धा डळमळत नाही का?

माझ्याबाबतीत उलटं झालं. फुटलेली कपबशी कोणतं मूल लपवतं? ज्याला घराबाहेर काढतील अशी धास्ती असते, ते. ज्याला ओरडा बसेल पण जवळ घेतील हे ठाऊक असतं, ते तुकडे हातात घेऊन समोर येतं. मी चुकले तरी टाकली जाणार नाही, एवढा एकच भरवसा म्हणजे माझी आजची श्रद्धा. त्या भरवशावर मी ती वही पुन्हा उघडू शकले आणि सातही पानं वाचू शकले. तो नसता तर मी ‘त्या वेळी माझी मनःस्थितीच तशी होती’ असं काहीतरी म्हणून ती परत कपाटात ठेवली असती. माझी श्रद्धा देवावर आहे, माझ्या मतांवर नाही. आईच्या आजारपणाची सहा आणि नंतरची चार वर्षं मी या दोन्हींत फरकच केला नव्हता.

माझी एक मैत्रीण देव मानत नाही. ती माझ्यापेक्षा कडक आत्मपरीक्षण करते, आणि तिचा भरवसा तिच्या दोन जिवाभावाच्या माणसांवर आहे. श्रद्धेवाचून हे जमतच नाही, असं मी म्हणणार नाही. मला ज्या वाटेने जमलं ती सांगते आहे.

एक मात्र कळकळीने सांगायचं आहे. स्वतःला तपासणं म्हणजे स्वतःला कुरतडत बसणं नाही. ज्या इग्नेशियस लॉयोला यांनी ख्रिस्ती परंपरेत रोजच्या आत्मपरीक्षणाची शिस्त घालून दिली, तेच त्याआधी, १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मान्रेसा गावी, या कुरतडण्याने इतके खचले होते की जीव द्यावा असं त्यांच्या मनात येई. तीच तीच पापं पुन्हा कबूल करूनही त्यांना चैन पडत नव्हतं. शेवटी त्यांनी ते उगाळणं निश्चयाने थांबवलं. आणि ज्या माणसाला घरात उठताबसता ‘तुझंच चुकतंय’ हे ऐकावं लागतं, त्याला ‘आत्मपरीक्षण कर’ असं कृपा करून सांगू नका. त्याने गृहीत धरलेली चुकीची गोष्ट वेगळी असते. सगळा दोष आपला आहे, हीच ती. त्याने स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवायला शिकणं हेच त्याचं मुद्रितशोधन.

वही घेऊन मी बहिणीकडे गेले. ती सातही पानं दाखवली आणि पवारणेचं वाक्य जमेल तसं म्हटलं : तुला दिसलं असेल, ऐकलं असेल, वाटलं असेल, जे असेल ते सांग. त्या दिवशी ती काही बोलली नाही. दोन रेघांच्या त्या पानावरून तिने नुसता अंगठा फिरवला आणि वही मिटून मला परत दिली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. चाळीस मिनिटं ती बोलत होती. मधे तोंड उघडायचं नाही म्हणून मी पेन्सिल घेऊन लिहीत बसले. आई तिला विचारायची म्हणे, ‘तू का गं थांबत नाहीस रात्रीची?’ आणि ती सांगायची, ‘आई, कामं फार असतात गं.’ ताई थांबू देत नाही, असं तिने आईला एकदाही सांगितलं नव्हतं. हे लिहिताना माझं अक्षर वाकडं झालं आहे.

तिच्या बोलण्यातल्या दोन गोष्टी मला अजून पटलेल्या नाहीत. त्यांच्यापुढे मी समासात प्रश्नचिन्ह केलं आहे, लेखकाला विचारून घ्यायच्या जागी प्रुफात करतो तसं. उत्तर येईपर्यंत तिथला मजकूर बदलायचा नसतो. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे चार दिवस राहायला येते आहे.