आमची वाटचाल : गेज बिघडलेलं नसतं

भोसरी एमआयडीसीत आम्हा दोघा भावांचं हायड्रॉलिक पॉवर पॅक (तेलाला दाब देणारा मोटार-पंपाचा संच) दुरुस्तीचं लहानसं शेड होतं. एकदा कॉलेजातून बोलावणं आलं, लॅबमधला पंप आवाज करतोय म्हणून. स्ट्रेनर, म्हणजे तेलाची गाळणी, चोंदला होता, काम किरकोळ. पण तिथला ट्रेनर, म्हणजे मुलांनी प्रयोग करायचं यंत्र, बघून वाईट वाटलं. पायपिंग कायमचं आवळलेलं. मुलं बटण दाबायची, सिलिंडर पुढे जायचा, जर्नलमध्ये आकृती उतरायची. सर्किट एकानेही जोडलेलं नव्हतं.

म्हणून आम्ही सुटे व्हॉल्व्ह, खाचांची अॅल्युमिनियम प्लेट आणि क्विक कपलिंगच्या होज असा ट्रेनर बनवला. पहिल्याच बॅचला फजिती झाली. होजमध्ये दाब अडकला की कपलिंग बसेना. सगळे ट्रेनर स्वखर्चाने परत आणले आणि तो दाब टाकीत सोडायला नीडल व्हॉल्व्ह दिला.

माझा सर्वांत आवडता प्रयोग मीटर-आउटचा, म्हणजे बाहेर जाणारं तेल आवळून सिलिंडरचा वेग ठरवण्याचा. सिलिंडर 40 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा), रॉड 28 मिमीचा. पंपाचा दाब मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह 30 बार दाबाला लावायचा, सिलिंडरवर वजन ठेवायचं नाही आणि रॉडकडून बाहेर पडणारं तेल फ्लो कंट्रोलने आवळायचं. रॉडकडच्या गेजचा काटा 50 च्या पुढे जातो. "सर, गेज बिघडलंय!" प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी म्हणतंच. मग गणित मांडायला लावतो. पिस्टनचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर, रॉडच्या बाजूला उरतं जेमतेम साडेसहा. बल तेवढंच, जागा निम्मी, दाब जवळजवळ दुप्पट. पास्कलचा नियम पाठ सगळ्यांनाच असतो, पण तो काट्यावर दिसला की मुलांचे चेहरे बदलतात. त्या क्षणासाठी मी अजूनही स्वतः जातो.

तेल गळतंय का हे हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठा धरायचा, हे मी सुरुवातीलाच दोनदा सांगतो. सुईएवढी धारसुद्धा कातडीत घुसते.

न्यूमॅटिक्समध्ये, म्हणजे हवेच्या दाबावरच्या प्रयोगांत, आजकाल थेट पीएलसी (क्रम चालवणारा छोटा संगणक) मागतात. आम्ही देतो, पण आधी 6 बार हवेवर नुसत्या नळ्यांनी दोन सिलिंडरांचा क्रम लावायला लावतो. एकाच व्हॉल्व्हला दोन्हीकडून सिग्नल आला की तो का अडतो, हे नळी हातात असताना लवकर कळतं.

एका संस्थेने वर्षभर बिल थकवलं, तेव्हा घरचं सोनं गहाण पडलं. सुटलं नंतर.

आता ट्रेनर पोचवला की आम्ही दोन दिवस तिथेच थांबतो. प्राध्यापकांबरोबर लॅबच्या मामांनाही तो पूर्ण खोलायला लावतो, कारण वर्षानुवर्षं तो सांभाळणार तेच. परवा अशाच एका मामांचा फोन आला, "साहेब, तेल दुधासारखं दिसतंय. पाणी गेलं का?"

"बरोबर ओळखलंत मामा, मोटार चालू करू नका," म्हटलं आणि 68 नंबर हायड्रॉलिक तेलाचे दोन डबे गाडीत टाकून निघालो.