ताप नाही, खोकला नाही, तरी पॉझिटिव्ह! केअर होममधला माझा अनुभव

मी मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये एका केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी, केअरर म्हणून आजीआजोबांची देखभाल करते. जुलै २०२० पासून इकडे नियम आला, स्टाफची दर आठवड्याला कोविडची पीसीआर (स्वॅब लॅबला पाठवून करायची टेस्ट) आणि आजीआजोबांची दर २८ दिवसांनी. कारण उघड आहे, ते बिचारे बाहेर जातच नव्हते, व्हायरस आत येणार तो आमच्यामार्फतच.

शिफ्टच्या आधी स्टाफरूममध्ये स्वॅब. अर्धा तास आधीपासून चहापण बंद. आरशासमोर आ करून काडी दोन्ही टॉन्सिल्सवर घासायची, ओकारी आल्यासारखं होतं, डोळ्यांत पाणी येतं, मग तीच काडी नाकपुडीत फिरवायची, ट्यूबमध्ये मोडून टाकायची आणि झाकण घट्ट लावायचं. बारकोड ऑनलाइन रजिस्टर झाला की पाकीट कुरिअरने लॅबला. खरा त्रास वाट बघण्याचा, सप्टेंबरमध्ये लॅबवर एवढा लोड आला की रिझल्ट फारच उशिरा यायचे, आणि लक्षणं नसतील तर तोपर्यंत आपण कामावरच!

नोव्हेंबरमध्ये माझी पॉझिटिव्ह आली. अंगात कणकण नाही, वास व्यवस्थित येतोय, आणि आदल्याच दिवशी मी एका आजींना सूप भरवलेलं, त्या भरवताना माझं मनगट धरून ठेवतात, तोंड अगदी जवळ असतं. मास्क होता पण तरी पोटात गोळाच आला. सगळ्यांची परत टेस्ट झाली, आजी निगेटिव्ह आल्या हे कळेपर्यंत मला जेवण गेलं नाही.

मला १० दिवस आयसोलेशन. पगाराचं आधी विचारून ठेवलं होतं म्हणून बरं, कारण नुसता सरकारी सिक पे (आजारपणातला पगार) म्हणजे २०२० मध्ये आठवड्याला ९५.८५ पौंड होता, त्यात भाडंसुद्धा निघालं नसतं. सरकारने मे महिन्यात केअर होम्ससाठी ६० कोटी पौंडांचा फंड काढला, तो आयसोलेशनमधल्या स्टाफला पूर्ण पगार देता यावा म्हणूनपण होता, आमच्याकडे तसा मिळाला. पगार कापला जाणार असेल तर धडधाकट वाटणारा माणूस टेस्टला घाबरणारच, यात त्याची काही चूक नाही असं मला मनापासून वाटतं.

परत गेल्यावर ९० दिवस माझी पीसीआर नाही, कारण मेलेल्या व्हायरसचे अंश राहिले तरी ती पॉझिटिव्ह दाखवू शकते. डिसेंबरपासून अर्ध्या तासात रिझल्ट देणाऱ्या रॅपिड टेस्ट आल्या, मग निदान कामाला हात लावायच्या आधी कळायला लागलं.