तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रेड माहीत नसलेल्या स्टेनलेसला रॉड कोणता?

पुणे परिसरातील भोसरी, चाकण किंवा नऱ्हे-धायरी भागातील लहान फॅब्रिकेशन शॉपमधून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "सर, गिऱ्हाइकाने एसएसचा तुकडा आणला आहे, ग्रेड त्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही, रॉड कोणता लावू?" विचारणाऱ्याला वेल्डिंग रॉडच्या जातीचा एक आकडा हवा असतो, आणि बऱ्याच वेळा तो आकडा ३०९ एल हाच निघतो. तरीही तो सांगण्याआधी मी विचारतो, की ही वस्तू काय काम करते, तिच्या संपर्कात काय येते, आणि जोड तुटला किंवा गंजला तर कोणाचे काय नुकसान होईल. ग्रेड कळला नाही तरी चालते, पण या प्रश्नांची उत्तरे नसताना रॉड निवडू नये, असे माझे ठाम मत आहे.

३०९ एलला एवढा मान का, हे साध्या हिशेबाने समजते. या रॉडमध्ये सुमारे २४ टक्के क्रोमियम आणि १३ टक्के निकेल असते. वेल्डिंग करताना मूळ धातूही वितळून जोडात मिसळतो. तो वाटा ३० टक्के धरला आणि मूळ धातू अगदी साधे लोखंड निघाले, तरी जोडात सुमारे १७ टक्के क्रोमियम आणि ९ टक्के निकेल उरते, म्हणजे जोड ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसच्या जवळपासच राहतो. ३०८ एलमध्ये क्रोमियम सुमारे २० आणि निकेल १० टक्के असते. तोच हिशेब केल्यावर १४ आणि ७ उरतात, आणि अशा मिश्रणात थंड होताना मार्टेन्साइट ही कठीण, ठिसूळ रचना तयार होते. घटकांच्या प्रमाणावरून जोडाची रचना सांगणारा, अँटन शेफलर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेला आलेख हेच दाखवतो, आणि वेल्डिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी समोर ठेवून स्वतःच्या हाताने सोडवावा, असे मला मनापासून वाटते. त्याच आलेखावरून हेही दिसते, की ३०९ एलच्या जोडात थोडे फेराइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारी रचना, राहते आणि ते जोडाला गरम असताना फाटण्यापासून वाचवते. '३१० महाग आहे, म्हणजे चांगलाच असणार' असे समजून तो अनोळखी धातूवर लावणारे मी पाहिले आहेत. त्याच्या जोडात फेराइट जवळजवळ नसतेच, त्यामुळे मूळ धातूत गंधक जास्त निघाले तर तडा जाण्याची शक्यता उलट वाढते.

धातूची थोडीफार ओळख शॉपमध्येच पटवता येते. आधी खुणा शोधाव्यात : व्हॉल्व्ह किंवा पंपाच्या ओतीव अंगावर सीएफ८ असेल तर तो ३०४ चा आणि सीएफ८एम असेल तर ३१६ चा, म्हणजे मॉलिब्डेनम हा धातू घातलेल्या स्टेनलेसचा भाऊ, बोल्टच्या डोक्यावरील ए२ आणि ए४ यांचाही साधारण तोच अर्थ. मग लोहचुंबक लावावे, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नये, कारण ३०४ चा पत्रा जिथे वाकवलेला असतो तिथे चुंबक थोडे ओढले जाते आणि ओतीव ३०४ मध्येही फेराइट असल्यामुळे ते किंचित चिकटते. चुंबक घट्ट चिकटले, तर ग्राइंडर टेकवून पाहावा. लांब, पिवळसर, फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या तर ते बहुधा क्रोम चढवलेले साधे लोखंड असते. मॉलिब्डेनम तपासण्याचे द्रावण आणि लहान बॅटरी भंगार व्यापाऱ्यांकडेही असते आणि ३०४ व ३१६ यांतील फरक ते चांगला दाखवते. काम मोलाचे असेल तर भोसरीतील एखाद्या प्रयोगशाळेत तुकडा द्यावा. मात्र हातातील एक्स-रे गनला कार्बन मोजता येत नाही, म्हणून ३०४ आणि कमी कार्बनचा ३०४ एल यांतील फरक हवा असल्यास ठिणगीवर चालणारे स्पेक्ट्रोमीटरच मागावे.

आता कामाकडे. जिन्याच्या किंवा गॅलरीच्या रेलिंगचा चुंबक न लागणारा पाईप बाजारात बहुतेक वेळा दोनशे सिरीजचा असतो, म्हणजे त्यात निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो. तिथे ३०८ एल लावा किंवा ३०९ एल, फार बिघडत नाही. गंज आलाच तर तो जोडाआधी पाईपवर येईल.

लोणच्याची टाकी, मिठाचे पाणी नेणारी पाईपलाईन किंवा औषध कारखान्यातून आलेले भांडे असेल, तर मात्र मी ३०९ एल सांगत नाही. ही वस्तू ३१६ ची असण्याची शक्यता मोठी असते, आणि साध्या ३०९ एलमध्ये मॉलिब्डेनम नसल्यामुळे मीठ व आम्ल एकत्र आल्यावर जोड हीच त्या भांड्यातील सर्वांत दुबळी जागा ठरते. महिनोन्महिने काही दिसत नाही आणि मग जोडाच्या रेषेवर बारीक छिद्रे पडू लागतात. अशा कामाला ३१६ एल लावावा. धातू ३०४ निघाला तरी त्याने सहसा नुकसान होत नाही. तीव्र नायट्रिक आम्लाचे काम हा ठळक अपवाद. अन्नाशी संबंध येणाऱ्या भांड्याला आतून आर्गॉन वायू दिल्याशिवाय टिग वेल्डिंग करू नये, कारण मागच्या बाजूने काळा, खरबरीत झालेला जोड, रॉड कोणताही वापरला तरी, धुऊन स्वच्छ होत नाही.

चुंबक घट्ट चिकटणाऱ्या स्टेनलेसची गोष्ट सर्वांत अवघड आहे. सायलेन्सरचा पत्रा बहुधा ४०९ असतो आणि ३०९ एलने तो जुळतो. पण तापल्यावर जोड मूळ पत्र्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, म्हणून रोज लालबुंद होणाऱ्या भागासाठी ४०९ चीच तार मिळवावी. शाफ्ट, सुरी किंवा पंपाची स्लीव्ह असेल आणि कानस घसरत असेल, तर तो ४१० किंवा ४२० च्या घरातला कडक होणारा धातू आहे. त्याला २०० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत आधी तापवावे आणि नंतर राखेत किंवा चुन्यात हळूहळू थंड होऊ द्यावे. धातूचा काहीच अंदाज लागत नसेल आणि फक्त ताकद हवी असेल, तर ३१२ हा रॉड मला अधिक भरवशाचा वाटतो. त्यात क्रोमियम सुमारे ३० आणि निकेल ९ टक्के असल्यामुळे जोडात फेराइट भरपूर राहते आणि गंधकवाल्या ३०३ लाही तो सांभाळून घेतो. मात्र ४०० अंशांच्या वर दीर्घकाळ राहणाऱ्या भागाला तो लावू नये, तिथे तो ठिसूळ होतो. आणि बॉयलरचा किंवा दाबाखालील कोणताही भाग ग्रेड न कळता कोणी जोडायला आणला, तर तो परत करावा, मग गिऱ्हाईक कितीही जुने असो.

उरलेल्या सर्व कामांत रॉड ठरल्यावर, दुरुस्तीला हात घालण्याआधी, त्याच धातूच्या कडेवर किंवा काढून टाकायच्या भागावर एक लहान जोड टाकावा, तो पूर्ण थंड होऊ द्यावा, आणि पकडीत धरून हातोड्याने वाकवावा. भेग जोडाच्या मध्यातून लांबीने गेली, तर धातू गरम असतानाच फाटलेला आहे. करंट कमी करून मूळ धातू कमी मिसळू द्यावा किंवा ३१२ कडे वळावे. भेग जोडाच्या शेजारून मूळ धातूत गेली, तर रॉड बदलून उपयोग नाही, तिथे आधी तापवण्याची आणि सावकाश थंड करण्याची गरज आहे.