गिअर शाबूत, यादी मात्र १९५० ची

दुर्बीण निवडण्यापासून ती बेळगावजवळच्या खानापुरातल्या गच्चीवर उभी करण्यापर्यंत सारे सुरळीत पार पडले. घोडे अडले ते सोबत मिळालेल्या तारकांच्या यादीपाशी. ती कुठल्याशा जुन्या यादीची झेरॉक्स होती आणि स्थाने कोणत्या सालची हे सांगणारी वरची ओळ नेमकी कापली गेली होती.

फोनवरच्या ॲपमधील आजच्या आकड्यांनुसार प्रश्वा ताऱ्यावर माउंटच्या, म्हणजे नळी फिरवणाऱ्या बैठकीच्या, अंशांकित तबकड्या जुळवल्या आणि यादीप्रमाणे नळी मघेकडे वळवली: विषुवांश (आकाशातले रेखांश) १० तास ५.७ मिनिटे, क्रांती (आकाशातले अक्षांश) १२ अंश १३ कला; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. मघा नुसत्या डोळ्यांना ठळक दिसत होती, आयपीसमध्ये मात्र तिचा पत्ता नव्हता. विक्रेत्याला कळवले, तर ‘गिअर झिजले असतील, माउंट दुरुस्तीला पाठवा’ असे उत्तर आले. पुन्हा विचारले, तरी तेच. कोऱ्या माउंटचे गिअर झिजतात कसे, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. शिवाय झीज असती, तर फरक कधी इकडे, कधी तिकडे पडला असता; इथे तो दर वेळी एकाच बाजूला, सुमारे एक अंशाचा होता.

उलगडा झाला तो २००० सालची स्थाने शेजारी मांडल्यावर, कारण तिथे मघा १० तास ८.४ मिनिटे, ११ अंश ५८ कला अशी होती. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरी पुरी करतो, त्यामुळे वसंतसंपात, म्हणजे जिथून विषुवांश मोजतात तो बिंदू, दरवर्षी ५०.३ विकला (कलेचे साठावे भाग), म्हणजे सुमारे ७२ वर्षांत एक अंश, मागे सरकतो. दोन्ही स्थानांतला फरक या वेगाने सुमारे पन्नास वर्षांचा भरतो, म्हणजे यादी १९५० ची निघाली. पंचांगात अयनांश म्हणून हेच सरकणे आज २४ अंशांवर गेलेले दिसते, म्हणूनच उत्तरायण डिसेंबरात सुरू होऊनही मकर संक्रांत जानेवारीत येते. विक्रेत्याने पंचांग उघडले असते, तरी पुरले असते.

जुनी यादीच हाताशी असेल, तर जुळवणीचा तारा आणि शोधायचा तारा दोन्ही तिच्यातूनच आणि एकमेकांजवळचे घ्यावेत, म्हणजे फरक बहुतांशी कटतो.

आधी सांगायला हवे होते ते ध्रुवाचे. आमच्याकडून तो जेमतेम साडेपंधरा अंश वर, तोही बेळगावच्या उजेडात दिसतो. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो सध्या सुमारे ३८ कला दूर आहे आणि २१०० च्या सुमारास हे अंतर २७ कलांवर येईल, म्हणून माउंटचा अक्ष ध्रुवबिंदूशी जुळवताना आजच्या तारखेचेच अंतर धरावे.